फॉरमॅट मारण्याआधी

"फॉरमॅट मारून बघू." तालुक्याच्या गावी लॅपटॉपला काहीही झालं की दुकानात पहिल्यांदा हे वाक्य ऐकू येतं. मशीन हळू झालं, फॉरमॅट. चार्जिंग होत नाही, फॉरमॅट. कीबोर्डची चार बटणं मेली, तरी फॉरमॅटच. शहरातल्या एसी सर्व्हिस सेंटरमध्ये हेच वाक्य जरा इस्त्री करून येतं, "सर, पूर्ण टॉप केस बदलावी लागेल." दोन्हीचा अर्थ मी एकच लावतो: नेमकं काय बिघडलंय ते कोणी शोधलेलं नाही आणि शोधायची इच्छाही नाही.

तर मंडळी, आजचा विषय तसा फुटकळ आहे. लॅपटॉपचा बिघडलेला कीबोर्ड. आपल्यासारख्या हिंजवडी-खराडीच्या पब्लिकला हा प्रश्न फारसा पडत नाही. कंपनीचा लॅपटॉप असतो, आयटी डेस्कला तिकीट टाकायचं, संध्याकाळपर्यंत दुसरा हातात. स्वतःचा असेल तर थोडं कुरकुरायचं आणि सेलमध्ये नवा घ्यायचा. पण जिथे एक लॅपटॉप म्हणजे एक दुकान असतं, तिथे हे चार बटणांचं प्रकरण किती लांब जातं ते मी गेल्या जूनमध्ये जवळून पाहिलं. तेव्हापासून डोक्यात भुणभुण चालू आहे, म्हणून लिहितोय.

माझा मामेभाऊ करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याकाठी एका गावात सेवा केंद्र चालवतो. उजनी म्हणजे भीमेवरचं धरण, १९८० साली पूर्ण झालं. एकूण साठा साधारण ११७ टीएमसी, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणून तर उन्हाळ्यात पेपरात 'उजनी उणे अमुक टक्के' अशा बातम्या येतात आणि बाहेरच्या माणसाला कळत नाही की धरण शून्याच्या खाली कसं जातं! या काठची बरीच गावं म्हणजे पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावाची वर सरकलेली नवी आवृत्ती. पाणी उतरलं की पलीकडे पळसदेवचं जुनं देऊळ बाहेर डोकावतं. इंदापूरकडचे दिवे रात्री अगदी हाताच्या अंतरावर वाटतात, रस्त्याने जायचं म्हटलं की मोठा वळसा. जेऊरहून रेल्वेने सोलापूर ११४ किलोमीटर, पुणे दीडशे. सर्व्हिस सेंटर या दोनपैकी एका टोकाला.

आणि महिना जून. म्हणजे धरण तळाला आणि सेवा केंद्रात मात्र पूर. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, नॉन-क्रिमीलेयर, बारावीनंतरच्या प्रवेशांचे फॉर्म, सगळ्यांना शेवटची तारीख. अशात सकाळी नऊला त्याचा फोन.

"दादा, लॅपटॉप येड्यागत करायलाय. दाखला लिहिलं की दखल उमटतंय."

मला आधी वाटलं पोरगं चेष्टा करतंय. पण तो इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर मराठी टाइप करतो (मराठी टायपिंगची परीक्षा दिलेला आहे, माझ्यासारखा फोनेटिक मराठीवाला नाही), आणि त्या मांडणीत 'ई' या इंग्रजी बटणावर काना बसतो. 'डी'वर हलन्त, म्हणजे जोडाक्षर बांधणारा पाय मोडका. 'सी'वर म. ही तिन्ही बटणं गेलेली. सोबत वरचा ३. आता 'दाखला'तले काने काढा, काय उरतं? दखल. 'करमाळा'चं करळ. 'उत्पन्न'चं उतपनन. आणि महाराष्ट्र? हरषटर! मी हसून घेतलं. तो हसला नाही, कारण समोर बाकड्यावर सहा माणसं बसलेली होती.

तालुक्याच्या दुकानदाराने फोनवरच निदान केलं होतं, फॉरमॅट. एका सर्व्हिस सेंटरने मॉडेल नंबर ऐकून सांगितलं, कीबोर्ड सुटा मिळत नाही, वरचा अख्खा भाग बदलावा लागेल, आठ-दहा दिवस धरा. रक्कम ऐकून भाऊ गप्प झाला. मशीन चार वर्षांचं, वॉरंटी केव्हाच संपलेली.

आता एक साधी गोष्ट बघू. बटण दाबल्यापासून स्क्रीनवर अक्षर उमटेपर्यंत मध्ये चार-पाच टप्पे असतात. सगळ्यात वर प्लॅस्टिकचं बटण, त्याखाली कात्रीसारखी बिजागरी आणि रबराची टोपी. त्याखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीजवाहक शाईने रेघा छापलेल्या, मधल्याला बटणांच्या जागी भोकं. बटण दाबलं की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते. या सगळ्या रेघा एका चपट्या पट्टीतून, रिबनमधून, मदरबोर्डवरच्या कंट्रोलरकडे जातात. तिथून पुढे विंडोज, मग भाषेचं सेटिंग, मग तुमचा ब्राउझर. बिघाड यातल्या कुठल्याही टप्प्यावर असू शकतो, आणि लॅपटॉप न उघडता बराचसा पत्ता लावता येतो.

पहिली चाचणी फुकटची: बाहेरून यूएसबी कीबोर्ड लावायचा. भावाकडे जुन्या डेस्कटॉपचा धूळ खात पडला होता. लावला, महाराष्ट्र व्यवस्थित उमटला. म्हणजे विंडोज, मराठीचं सेटिंग, ती सरकारी साइट, सगळे एका झटक्यात निर्दोष सुटले. (बाहेरच्या कीबोर्डवरही गडबड झाली असती तर मी सेटिंगकडे वळलो असतो. उजवीकडची शिफ्ट आठ सेकंद दाबून राहिली की विंडोजमध्ये फिल्टर कीज चालू होतं आणि मग झटकन दाबलेली बटणं लागतच नाहीत. अर्धे 'कीबोर्ड खराब' इथेच निघतात. जुन्या छोट्या लॅपटॉपवर नम लॉक चालू राहिला की यू-आय-ओ च्या जागी ४-५-६ येतात, तो आणखी एक हमखास पाहुणा.)

दुसरी चाचणी, चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर बघणं. गावाकडे अर्थिंग ही बऱ्याच घरांत फक्त बोर्डावरच्या तिसऱ्या भोकापुरती असते, आणि त्यामुळे टचपॅड तरी नक्की पिसाळतं. इथे फरक पडला नाही. तिसरी, लॅपटॉप चालू होतानाच बायॉसमध्ये जाणं. तिथे विंडोज जन्मालाच आलेलं नसतं. पासवर्डच्या चौकटीत एकेक बटण दाबायचं आणि चांदणी उमटते का ते मोजायचं (आणि सेव्ह न करता बाहेर यायचं, नाहीतर नवीनच भानगड). तिथेही तीच बटणं मुकी. झालं, फॉरमॅटचा विषय संपला. विंडोजच्या आधीच जे बिघडलंय ते विंडोज पुसून नीट होणार नाही. एवढं एक वाक्य तालुक्यातल्या प्रत्येक दुकानात फ्रेम करून लावावं असं माझं नम्र मत आहे :-)

चौथी पायरी माझ्या आवडीची. मी त्याला म्हटलं, कागदावर कीबोर्ड काढ आणि मेलेल्या बटणांवर फुली मार. व्हॉट्सॲपवर फोटो आला. ३, ई, डी, सी. वरून खाली जाणारी एक तिरकी रेघ. बाजूची २, डब्ल्यू, एस ठणठणीत, ४, आर, एफ ठणठणीत.

ही रेघ म्हणजेच अर्धं उत्तर. लॅपटॉपला ऐंशीच्या वर बटणं असतात, पण प्रत्येकाला स्वतंत्र वायर नसते. उभ्या-आडव्या ओळींचं जाळं असतं. आठ आडव्या आणि सोळा उभ्या म्हटल्या तरी चोवीस वायरींत १२८ छेद मिळतात. कंट्रोलर एकेक ओळ तपासत सेकंदाला शेकडो वेळा फेऱ्या मारतो आणि कुठल्या छेदावर दोन रेघा टेकल्यात ते टिपतो. एकच बटण गेलं तर त्या बटणाखाली कचरा, किंवा रबर फाटलेलं. चहा सांडला तर शेजारशेजारची बटणं जातात, कारण चहाचं डबकं होतं, रेघ होत नाही. आणि अशी एका ओळीत मेली तर ती ओळच कुठेतरी तुटलेली. कुठल्या बटणांची ओळ एक असते ते कंपनीप्रमाणे बदलतं, कधी ती बटणं कीबोर्डभर विखुरलेली असतात, म्हणून तर फुल्या मारायच्या. सगळाच्या सगळा कीबोर्ड गेला असता तर रिबन पूर्ण निसटलेली किंवा कंट्रोलर गेला, असा संशय घेता येतो.

हे सगळं फोनवर समजावताना मला वाटत होतं की पोराला जड जातंय. तर तो म्हणाला, "म्हणजे तीन फेजपैकी एक उडाल्यावानी." बरोब्बर! आणि मग माझ्या लक्षात आलं की ज्या माणसांना आपण 'टेक्निकल नाहीत' असं सहज म्हणतो, ती रोज हेच करतात.

फुगवट्याकाठची शेती बघितलीय का कधी? ऊस, केळी, आणि सगळं उपसा पाण्यावर. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं तशी माणसं मोटारी घेऊन पाण्यामागे जातात. पाइप वाढवायचे, केबल वाढवायची, चारी खोदायची, आणि पुन्हा पाणी चढायला लागलं की मोटार बुडायच्या आत उचलायची. यात बिघाड रोजचा. पण मोटार पाणी उचलत नाही म्हणून कोणी नवी मोटार आणायला जात नाही. आधी बल्ब लावून तिन्ही फेज बघतात. मोटार नुसती गुणगुणतेय की फिरतेय? फिरतेय आणि पाणी नाही, मग कुठे हवा धरतेय का, पाणी भरून बघ. तरी नाही, फूटव्हॉल्व्ह बघ (गावात याला 'फुटबॉल' म्हणतात, मी लहानपणी खरंच विहिरीत बॉल शोधायचो). स्टार्टर ट्रिप मारतोय तर ओव्हरलोड बघ. वायंडिंग जळालंय हे शेवटचं निदान, पहिलं नाही. एकेक टप्पा निर्दोष सोडत जायचं. आम्ही याला ऑफिसात रूट कॉज ॲनालिसिस म्हणतो आणि त्याच्या पीपीटी करतो.

मग मोटारीला जमतं ते लॅपटॉपला का जमू नये? कारण मोटार उघडते. नटबोल्ट आहेत, बुश सुटी मिळते, इंपेलर सुटा मिळतो, आणि वायंडिंगवाला जेऊरात आहे, टेंभुर्णीत आहे. लॅपटॉप उघडू नये अशाच बेताने बनवलेला असतो.

आमच्या केसमध्ये पहिली फेरी सोपी गेली. मशीन पूर्ण बंद, मागचं झाकण काढलं, सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवलं (हे विसरायचं नाही. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर तिथेच थांबायचं. फुगलेली बॅटरी खालून कीबोर्डला रेटा देते आणि बटणं अडकतात, तेव्हा तो बिघाड कीबोर्डचा नसतो आणि ती बॅटरी टोचण्या-दाबण्याची वस्तूही नसते). रिबनच्या कनेक्टरची बारकी काळी कुलूपपट्टी नखाने वर केली, रिबन बाहेर काढली, टोक कोरड्या मऊ कापडाने पुसलं, परत सरळ बसवलं. ३, ई, डी, सी चारही चालू! संध्याकाळी मामीने फोनवर माझं कौतुक केलं, मला इंजिनिअरिंगची डिग्री मिळाल्यावर केलं होतं त्याहून जास्त.

पंधरा दिवसांनी बटणं परत गेली. या वेळी प्रकार जास्त वाईट होता. 'सी' मेलेलं, पण '३' मात्र कधी लागायचं नाही, कधी एकदा दाबलं की दोनदा उमटायचं.

इथे जरा थांबतो, कारण हे मला मेलेल्या बटणापेक्षा फार गंभीर वाटतं. मुकं बटण प्रामाणिक असतं. अक्षर येत नाही, तुम्हाला दिसतं, तुम्ही थांबता. दोनदा उमटणारं बटण खोटं बोलतं. एका आजींचा अनुदानाचा फॉर्म भरताना खातेक्रमांकात एक ३ जास्त पडला होता. भावाला अंक मोजायची सवय, म्हणून सापडला. आधार क्रमांकाला बारा अंकांची मर्यादा आहे आणि त्याचा शेवटचा अंक व्हरहॉफ नावाच्या पद्धतीने आधीच्या अकरांवरून काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला तर यंत्राला लगेच कळू शकतं. बँक खात्याच्या क्रमांकाला सगळ्या बँकांना लागू असा एकच नियम नाही, लांबीसुद्धा वेगवेगळी. तिथे फॉर्ममध्ये क्रमांक दोनदा भरायला लावतात तेवढीच राखण. आपण प्रोग्रामर मंडळी सर्व्हरबद्दल बोलताना म्हणतोच ना, बंद पडलेला सर्व्हर परवडला, चुकीचं उत्तर देणारा नको. सेवा केंद्राच्या कीबोर्डला हा नियम दुप्पट लागू आहे, कारण चूक करतं बटण आणि हेलपाटे घालते आजी. त्यामुळे माझा स्पष्ट सल्ला: बटण दोनदा उमटायला लागलं की त्या कीबोर्डवर त्या क्षणापासून दुसऱ्याचं काम करायचं नाही. जुगाड म्हणून मेलेल्या बटणाचं काम कॅप्स लॉकवर टाकता येतं (मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज हे फुकटात करतं), पण तो मेलेल्यासाठी, वेड लागलेल्यासाठी नाही.

"मग बाहेरचा तीनशे-चारशेचा कीबोर्ड लावून टाक ना कायमचा," असं माझा एक सहकारी म्हणाला. टेबलावर ठीक आहे, भावाने तसंच केलं. पण ग्रामपंचायतीत शिबिर असलं की लॅपटॉप उचलून न्यायचा, वीज गेली की ओट्यावर बसायचं, तिथे हा शेपटीवाला कीबोर्ड कुठे ठेवणार? शिवाय आतला कीबोर्ड स्वतःहून अंक टाकायला लागला तर बाहेर कितीही चांगला लावा, आतला बोलतच राहतो. त्याची रिबन काढूनच तोंड बंद करावं लागतं. भावाने तेच केलं आणि नवा कीबोर्ड मागवला.

हो, सुटा कीबोर्ड ऑनलाइन मिळाला, हजाराच्या आसपास. सर्व्हिस सेंटरच्या म्हणण्याप्रमाणे जो 'येतच नाही' तो. पण बसवताना कळलं की त्यांना तो भाग का नकोसा वाटतो. जुना कीबोर्ड स्क्रूने नाही, प्लॅस्टिकच्या वितळवलेल्या बारक्या गुंड्यांनी वरच्या भागाला ठोकून टाकलेला. पन्नासच्या वर गुंड्या. प्रत्येकीचं डोकं उडवायचं, कीबोर्ड उपसायचा, नवा बसवायचा, आणि उरलेले खुंट परत वितळवून दाबायचे. हे काम केलं कोणी? मोटार वायंडिंगवाल्याने! सोल्डरिंग गन घेऊन दोन तास, एकेक गुंडी. जिथे खुंट तुटले तिथे एपॉक्सीचा ठिपका. लॅपटॉप त्याने आयुष्यात पहिल्यांदा उघडला होता. मजुरी विचारली तर म्हणाला, "ह्यात तांब्याची तार तर हायच न्हाई, कशाचं पैसं?" (दिले शेवटी, बळेच.)

आता माझं खरं म्हणणं. कीबोर्ड हा झिजणारा भाग आहे. दिवसातून हजारो वेळा माणसाची बोटं लागतात असा लॅपटॉपचा हा एकमेव भाग. झिजणार, घाण होणार, त्यावर चहा सांडणार, मुंग्या लागणार, हे बनवणाऱ्याला माहीत असतं. चपलेचा अंगठा तुटतो हे माहीत असल्यामुळेच तो चांभाराला परत शिवता येईल असा असतो. असा भाग गुंड्यांनी ठोकून टाकणं म्हणजे हजाराच्या बिघाडाला दहा हजारांचं बिल जोडून ठेवणं. आणि ते बिल सगळ्यांना सारखं पडत नाही. पुण्यात बसलेल्याला ते पैशात पडतं, जेऊरच्या पुढे राहणाऱ्याला पैसे, दोन हेलपाटे आणि ऐन जूनमधले दहा बंद दिवस.

"पातळ हवा, हलका हवा, मग असंच होणार" हे उत्तर मला ठाऊक आहे. त्यात तथ्यही आहे, गुंड्यांनी ठोकलेला कीबोर्ड दाबताना लचकत नाही आणि दोन मिलिमीटर वाचतात. पण पातळपणाचं भूत कुठे नेतं ते ॲपलने दाखवलंय. २०१५ साली त्यांनी पातळ 'बटरफ्लाय' कीबोर्ड आणला, तो धुळीच्या कणांनी अडकायला लागला, २०१८ मध्ये फुकट दुरुस्तीची योजना काढावी लागली, २०२० पर्यंत ती रचनाच गुंडाळली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतल्या दाव्यात पाच कोटी डॉलरची तडजोड झाली. जगातल्या स्वच्छ ऑफिसांत ही कथा. आणि त्याच्या उलट टोकाला जुने थिंकपॅड आठवा. तळाशी ज्या स्क्रूशेजारी कीबोर्डचं छोटं चित्र, तेवढेच काढायचे, कीबोर्ड हातात. शिवाय सगळी खोलजोड सांगणारं मॅन्युअल कंपनीच सगळ्यांना वाचायला देत असे. म्हणजे जमत नाही असं नाही, जमवायचं नाही असं आहे. २०२१ पासून फ्रेमवर्क नावाची कंपनी पातळ लॅपटॉपातही सुटा कीबोर्ड विकून दाखवते आहे.

कायद्याच्या बाजूने फ्रान्सने बरं पाऊल टाकलं. १ जानेवारी २०२१ पासून तिथे दुकानात लॅपटॉपवर दहापैकी 'दुरुस्ती-गुण' लावणं बंधनकारक केलं, किमतीच्या पाटीशेजारीच. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू केलं. त्यावर कंपन्यांच्या कस्टमर केअरचे पत्ते आणि दुरुस्तीची माहिती आहे. चांगलंच आहे. पण भावाला पत्ता हवा नव्हता, पत्ता त्याला माहीत होता, तोच तर दीडशे किलोमीटरवर होता. त्याला सुटा भाग, एक पानाची आकृती आणि स्क्रू हवे होते.

सध्या कीबोर्ड छान चालतोय. भाऊ आता दुसरा लॅपटॉप घ्यायच्या विचारात आहे, एकाच मशीनवर दुकान ठेवायचं नाही म्हणून. मी त्याला दुकानात विचारायला दोन प्रश्न लिहून दिले: कीबोर्ड स्क्रूवर आहे की गुंड्यांवर, आणि सुटा मिळतो का. तो परवा दोन दुकानं फिरून आला. एका ठिकाणी उत्तर मिळालं, "साहेब, आय-फाइव्ह आहे." दुसऱ्याने प्रामाणिकपणे सांगितलं की हा प्रश्न आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाने विचारला नव्हता, कंपनीच्या माणसाला विचारून सोमवारी सांगतो.